सल्लागाराचा पत्ता

‘घरबसल्या’ हा शब्द मराठी जाहिरातींत फार जुना आहे. घरबसल्या शिवण शिका, घरबसल्या इंग्रजी बोला, घरबसल्या मसाले करून विका. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्याच्या शेजारी ‘कुठूनही’ हा नवा शब्द येऊन बसला, आणि त्याची भुरळ चाळिशीच्या आसपासच्या सुशिक्षित नोकरदारांना अधिक पडली. एका क्षेत्रात पंधरा-वीस वर्षे काढलेली माणसे मनात मांडे खाऊ लागली : नोकरी सोडावी, सल्लागार व्हावे, चिपळूणला किंवा वाईला घर आहेच, तिथे राहावे, दिवसातून दोन-तीन तास ग्राहकांशी बोलावे, अहवाल पाठवावा, बिल पाठवावे. या इच्छेमागची कारणे खरी असतात. आई-वडील थकलेले असतात, शहरातला प्रवास नकोसा झालेला असतो, जोडीदाराची बदली तिसऱ्याच गावी झालेली असते. तेव्हा तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. हे जमते का, कोणाला जमते आणि कशाच्या जोरावर, हे मात्र नीट पाहायला हवे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सल्ला कुठूनही देता येतो. तो देण्याची पात्रता मात्र कुठूनही मिळवता येत नाही. ती एखाद्या ठरावीक जागी, ठरावीक माणसांत वावरून मिळते. आणि सल्ल्याचा किती भाग दूरवरून पाठवता येईल हे इंटरनेटच्या वेगापेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरते : त्या जागी आपण किती काळ काढला आहे, आणि आपले पैसे नेमके कोण देतो.

दोन जुने सल्लागार

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची ओळख आपल्याला म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागर धरण अशी असते. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग, आजच्या भाषेत, स्वतंत्र सल्लागाराचा होता आणि त्याची पायाभरणी महाराष्ट्रात झाली. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकीची परीक्षा देऊन १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, सक्कर, सुरत, पुणे असे फिरत त्यांनी सुमारे चोवीस वर्षे काढली. कालव्याचे पाणी पाळीपाळीने देण्याची पद्धत, खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे हे सारे त्या काळातले. नोकरीतून मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन ते परदेशी प्रवासात असताना सप्टेंबर १९०८ मध्ये हैदराबादला मुसी नदीचा महापूर आला आणि निजाम सरकारने त्यांना बोलावले. १९०९ मध्ये त्यांनी तिथे काही महिने काम केले, पाणलोट पाहिला, पावसाच्या नोंदी तपासल्या आणि शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधावेत असा अहवाल दिला. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले ते त्या सल्ल्यातून. त्याच वर्षाच्या अखेरीस ते म्हैसूरच्या सेवेत गेले.

या हकिगतीतला आपल्या कामाचा भाग असा की काही महिन्यांचा सल्ला हा चोवीस वर्षांच्या नोकरीतून निघालेला होता. नाले, कालवे आणि तलाव डोळ्यांखालून गेलेले होते म्हणून नव्या नदीचे कागद त्यांना वाचता आले. दिवाणपद सोडल्यानंतर अनेक दशके ते निरनिराळ्या शहरांना, संस्थानांना, समित्यांना सल्ला देत राहिले. त्यांचा मुक्काम कुठे आहे याने फारसे बिघडत नसे. पण हे स्वातंत्र्य शेवटी आले, सुरुवातीला नव्हे.

दुसरे उदाहरण पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराचे. गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. त्यांचे नगर-प्रदर्शनाचे साहित्य वाहून आणणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले, तरी त्यांनी नव्याने साहित्य जमवून प्रदर्शन भरवले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी भारतातल्या अनेक गावांचे आणि शहरांचे अहवाल लिहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्या हाताखाली. गेडिस यांचा हट्ट असा की आधी निदान, मग उपचार; आणि निदान म्हणजे गल्लीबोळांतून पायी हिंडणे. नकाशावर रेघ मारून रस्ता रुंद करणाऱ्या अभियंत्यांवर त्यांचा राग होता.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम होळकरांच्या इंदूरचे, आणि त्यात दिवाळी आहे म्हणून ते इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. शहरात प्लेग होता. घरे साफ करा असे हुकूम काढून लोक ऐकत नव्हते. गेडिस यांनी महाराजांकडून अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची जास्तीत जास्त घरे साफसूफ आणि दुरुस्त झाली असतील, त्या रस्त्यांनी जाईल. आपल्या आळीतून मिरवणूक जावी म्हणून लोक कामाला लागले. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाचा आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा होता. शेवटी ते जाळण्यात आले. इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. तो अहवाल आज जगात कुठेही बसून वाचता येतो. पण मिरवणुकीची कल्पना एडिंबरात बसून सुचली नसती. इंदूरच्या माणसाला काय लागते, त्याला कशाचा अभिमान आहे, हे रस्त्यावर उभे राहूनच कळते.

तारेवरून जाणारे काम

दूरवरून काम ही कल्पना करोनाची नाही. जॅक नाइल्स या अमेरिकन अभियंत्याने १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या वाहतुकीला कंटाळून ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द रूढ केला. गंमत अशी की त्याच्या अभ्यासातले विमा कंपनीचे कर्मचारी घरून काम करत नव्हते. ते घराजवळच्या छोट्या कचेरीत जात होते. माणसाला कचेरी हवी असते, फक्त ती लांब नको असते, हे त्याला तेव्हाच कळले होते असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला केंद्र काढून उपग्रहामार्फत काम परदेशी पाठवायला सुरुवात केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. एवढे होऊनही, दूरसंचार विभागाच्या नियमांमुळे कॉल सेंटरसारख्या कंपनीने कर्मचाऱ्याला घरून काम देणे हे अटी आणि बँक हमीच्या जंजाळात अडकलेले होते. त्या अटी मार्च २०२० मध्ये घाईने शिथिल झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे येऊन बऱ्याचशा कायमच्या गेल्या. तंत्र पंचवीस वर्षे आधी आले होते. परवानगी आणि सवय मागून आली.

द्राक्षबागेतला सल्ला

सल्लागार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टाय लावलेला, आलेख दाखवणारा माणूस येतो. पण महाराष्ट्रात पैसे मोजून घेतल्या जाणाऱ्या खासगी सल्ल्याची एक मोठी आणि जिवंत बाजारपेठ नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या द्राक्षबागांत आहे. दूरवरच्या सल्ल्याचे सगळे प्रश्न तिथे उघड्यावर दिसतात. म्हणून तिथे जरा थांबू.

द्राक्षवेलीची आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी; तिच्यावर पुढच्या हंगामाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिला गोडी छाटणी म्हणतात. तिच्यावर माल येतो. फळछाटणीनंतर बागायतदार कॅलेंडरची तारीख जवळजवळ विसरतो. ‘बाग किती दिवसांची आहे?’ या प्रश्नाला ‘अठ्ठावीस’, ‘बेचाळीस’ असे उत्तर येते. डोळे फुटणे, घड बाहेर पडणे, फुलोरा, मणी धरणे, जिबरेलिक ॲसिडची बुडवणी, विरळणी हे सारे छाटणीपासूनच्या दिवसांत मोजले जाते. दूरवरच्या सल्ल्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. दोन जिल्हे पलीकडच्या माणसाने फोनवर वाण, छाटणीची तारीख आणि पाऊस सांगितला की निम्मे चित्र उभे राहते. ज्या व्यवसायात अशी समान भाषा आहे तिथे सल्ला लवकर दूर जाऊ शकतो. लेखापरीक्षण, औषधनोंदणीची कागदपत्रे, संगणक प्रणाली या क्षेत्रांतही तशी भाषा आहे. कुटुंबाचा धंदा भावंडांत कसा वाटावा यावर सल्ला देणाऱ्याला ती मिळत नाही. त्याला बैठकीत बसावेच लागते.

उरलेले निम्मे चित्र अवघड. डाऊनी म्हणजे केवडा आला की पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग दिसतो आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी. मोबाइलवर आलेला फोटो बहुधा वरच्या बाजूचा असतो. ‘पान उलटून पाठवा’ हे वाक्य सल्लागाराला कितीदा म्हणावे लागत असेल याची कल्पना करावी. पानाच्या कडा करपल्याचा फोटो आला तर प्रश्न आणखी बिकट. पालाश कमी असले तरी कडा करपतात आणि पाण्यात क्षार जास्त असले तरी करपतात. फोटोत माती दिसत नाही, विहिरीचे पाणी दिसत नाही, शेजारच्या उसाला किती पाणी सोडले आहे ते दिसत नाही. तेव्हा सल्लागार देठ परीक्षण करायला सांगतो, पाण्याचा अहवाल मागवतो. पण ज्याने त्या शिवारात आधी पंचवीस चकरा मारलेल्या आहेत तो अहवाल येण्याआधीच विचारतो, ‘तुमची ओढ्याकडची बाजू का?’ बागायतदार पैसे मोजतो ते या प्रश्नासाठी.

चुकीची किंमतही इथे लगेच कळते. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. हे रसायन वेलीची वाढ आवरण्यासाठी बागांत वापरले जात होते, पण निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत त्या वर्षी नव्हते. कंटेनर अडकले आणि बागायतदार व निर्यातदार दोघेही होरपळले. तेव्हापासून द्राक्षाचा सल्ला म्हणजे ‘काय फवारा’ एवढाच राहिला नाही. ‘काय, कधी थांबवा आणि त्याची नोंद कुठे ठेवा’ असा तो झाला. काढणीपूर्वी किती दिवस कोणते औषध बंद हवे, कोणत्या बाजारपेठेत कोणत्या अंशाची मर्यादा किती, हे ज्ञान मात्र पूर्णपणे कागदी आहे. ते पुण्याच्या मांजरीत असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रकाशनांतून आणि आयातदार देशांच्या नियमांतून मिळते, आणि ते खरोखरच कुठूनही देता येते. एकाच सल्लागाराच्या कामाचे असे दोन भाग पडतात : एक बांधावरचा, एक टेबलावरचा. नोकरी सोडून सल्लागार होऊ पाहणाऱ्या कोणाही माणसाने पहिल्यांदा हे करावे : आपल्या कामातला कोणता भाग बांधावरचा आहे आणि कोणता टेबलावरचा, याचा प्रामाणिक हिशेब.

आता पैशाचा प्रश्न. द्राक्षपट्ट्यात फुकट सल्ल्याला तोटा नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पान दाखवले की दुकानदार लगेच औषध सांगतो. औषध कंपनीचा प्रतिनिधी बागेत येऊन सांगतो. दोघांनाही बरेच कळते आणि दोघेही नेहमी खोटे बोलतात असे अजिबात नाही. पण त्यांच्या सल्ल्याचे पैसे बाटलीच्या किमतीत मिसळलेले असतात, आणि ‘यंदा काहीच फवारू नका’ हा सल्ला त्यांच्या धंद्यात बसत नाही. स्वतंत्र सल्लागाराला एकरी वार्षिक रक्कम किंवा भेटीमागे पैसे देणारा बागायतदार खरे तर हे शेवटचे वाक्य ऐकण्याचा हक्क विकत घेत असतो. म्हणून जो सल्लागार बागायतदाराकडून फी घेतो आणि मागच्या दाराने दुकानाकडून टक्केवारीही घेतो, तो आपल्या मालकीची एकमेव वस्तू विकून टाकतो. हे पाप फक्त शेतीत होते असे कोणी समजू नये. संगणक प्रणाली सुचवणारा, विमा सुचवणारा, परदेशी विद्यापीठ सुचवणारा, सगळीकडे हीच गोष्ट आहे. आणि दूरवरून काम करणाऱ्याला ती जास्त जाचते, कारण त्याला कोणी रोज पाहत नाही. त्याच्याबद्दल संशय आला तर तो चहा पिता पिता दूर करता येत नाही.

या पट्ट्यात आणखी एक परंपरा आहे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी उभ्या केलेल्या ‘प्रयोग परिवारा’त तासगाव भागातले बागायतदार स्वतःच प्रयोग करत, नोंदी ठेवत आणि त्या एकमेकांना कळवत. ‘तास-ए-गणेश’ हा वाण त्याच तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या निवडीतून आला. सल्ला देणारा वर आणि घेणारा खाली अशी उतरंड तिथे नव्हती. आजही जाणता बागायतदार सल्लागाराला ‘सर’ म्हणतो खरा, पण सरांनी सांगितलेले तो आधी चार ओळींवर करून पाहतो. अशा ग्राहकाला सल्ला देणे कठीण असते आणि फायद्याचेही, कारण त्याच्या चार ओळींचा निकाल सल्लागाराला फुकट शिकवून जातो.

दर, बिल आणि वसुली

या व्यवसायात बुडणारी बरीच माणसे ज्ञानाच्या अभावी बुडत नाहीत, हिशेबाच्या अभावी बुडतात. म्हणून हा भाग रुक्ष असला तरी टाळू नये.

समजा, एखाद्या बाईंना नोकरीत वर्षाला १८ लाख रुपये मिळत होते. स्वतंत्र झाल्यावर रोजचा दर किती सांगावा? सर्वसाधारण उत्तर असे निघते : १८ लाखांना ३६५ ने भागा, सुमारे ५,००० रुपये. हा आकडा घातक आहे. ३६५ पैकी शनिवार-रविवारचे १०४ दिवस गेले. सण, आजार, घरची कार्ये यांचे ३० धरा. उरले २३१. त्यातले नवे ग्राहक शोधण्यात, प्रस्ताव लिहिण्यात, वाचण्यात आणि थकलेली बिले मागण्यात १११ दिवस गेले असे धरले, आणि सुरुवातीच्या वर्षांत ते जातातच, तर बिल लावता येणारे दिवस राहिले १२०. म्हणजे जुन्या पगाराइतकेच मिळवायचे तर दर हवा १५,००० रुपये. आणि त्यात भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, आरोग्यविमा यांची सोय अजून केलेलीच नाही. ५,००० सांगितलेल्या बाई दुसऱ्या वर्षी पुन्हा नोकरी शोधू लागतात आणि ‘आपल्याकडे सल्ल्याला किंमत नाही’ असे म्हणतात. किंमत नाही हे अंशतः खरे. ती मागितली नाही हेही तितकेच खरे.

दिवसाच्या दराला दुसरी एक अडचण आहे. काम लवकर संपवणाऱ्याला त्यात कमी पैसे मिळतात. म्हणून अनुभव वाढल्यावर बरेच सल्लागार ठरावीक कामाची ठरावीक रक्कम किंवा महिन्याचा बांधलेला मोबदला घेतात. त्यासाठी ‘काम’ म्हणजे काय हे आधी लिहावे लागते : किती बैठका, अहवालाचे किती मसुदे, कोणती माहिती ग्राहकाने द्यायची, कशाचे वेगळे पैसे. समोरासमोरच्या व्यवहारात ‘बघून घेऊ’ चालून जाते. तीनशे किलोमीटरवरून ते चालत नाही. दूरवरच्या सल्लागाराला चांगले लिहिता येणे हे त्याच्या विषयज्ञानाइतकेच महत्त्वाचे ठरते. बोलणे विसरले जाते; फोन ठेवल्यावर त्याच संध्याकाळी पाठवलेले दहा ओळींचे टिपण सहा महिन्यांनी दोघांनाही वाचवते.

कायद्याने काही आधार दिला आहे आणि तो फार थोडे जण वापरतात. उद्यम नोंदणी केलेला सल्लागार हा सूक्ष्म उद्योग धरला जातो. २००६ च्या कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढीने व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, अशी रक्कम मुदतीत न देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा करून मिळत नाही. मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागाला व्याजापेक्षा ही दुसरी तरतूद जास्त कळते. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापावा. वाद घालण्यापेक्षा ते सोपे.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा करासाठी नोंदणी घ्यावी लागते. परदेशी ग्राहकाकडून परकीय चलनात पैसे येत असतील तर ती सेवेची निर्यात ठरू शकते आणि तिच्यावर कर शून्य असतो. पण नोंदणी असलेल्याने त्यासाठी दरवर्षी हमीपत्र भरायचे असते. प्राप्तिकरात अभियंते, लेखापाल, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार अशा काही ठरावीक व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे : एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली की हिशेबाच्या वह्या ठेवण्याचा व्याप टळतो. तिची मर्यादा ५० लाख, आणि रोखीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. प्रत्येक सल्लागार या यादीत बसत नाही, तेव्हा पहिल्या वर्षी चांगल्या सनदी लेखापालाला त्याची फी द्यावी. दुसऱ्याच्या सल्ल्याला पैसे द्यायला कचरणाऱ्याने स्वतःचा सल्ला कसा विकावा?

‘कुठूनही’च्या सीमा

‘कुठूनही’ला घड्याळाची सीमा आहे. पुण्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे अमेरिकन ग्राहक घेतला की घरच्या जेवणाची वेळ ही बैठकीची वेळ होते. सकाळ मोकळी मिळते हे खरे, पण मुले सकाळी शाळेत असतात. लंडनचा ग्राहक या बाबतीत पुष्कळ बरा. गावी राहण्याचे सुख मोजताना हे गणित बहुतेक जण विसरतात. कोकणात जून ते सप्टेंबर वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या आणि इन्व्हर्टर हा तिथे भांडवली खर्चच धरावा.

सरकारी सीमा त्याहून कडक आहे. २०२० मध्ये एस्टोनियाने आणि पुढे पोर्तुगालसह अनेक देशांनी फिरत्या कामकऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला. त्याआधी लोक पर्यटक म्हणून जाऊन काम करत, आणि आजही पुष्कळ करतात. ते बहुतेक देशांत नियमाला धरून नाही. मराठी घरांत हा प्रश्न जास्त करून स्त्रियांच्या वाट्याला येतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या उच्चशिक्षित स्त्रीला तिथे नोकरी करता येत नाही. २०१५ पासून त्यांतल्या काहींना परवाना मिळतो, सर्वांना नाही. ‘मग पुण्यातल्या ग्राहकाचे काम मी न्यू जर्सीत बसून करते, कोणाला काय?’ हा विचार स्वाभाविक आहे. पण माणूस जिथे बसून काम करतो तिथे काम झाले, असे कायदा सहसा मानतो. पैसे भारतातल्या खात्यात आले म्हणून काम भारतात झाले असे होत नाही. इथे ओळखीच्या गटातल्या ऐकीव माहितीवर न जाता त्या देशातल्या वकिलाला विचारणे भाग आहे. तसेच एखाद्या देशात वर्षातले सुमारे सहा महिने राहिले की तिथला कर लागू होण्याचा प्रश्न येतो. आपण कुठे आहोत हे ग्राहकाला कळत नसेल. कर खात्याला कळते.

घरातली सीमा बारीक असते, पण रोजची असते. गावी राहून काम करणारा माणूस ‘घरीच असतो’. त्यामुळे बँकेत जाणे, गॅस सिलिंडर घेणे, पाहुण्यांना स्टँडवर आणायला जाणे ही कामे आपोआप त्याच्याकडे येतात. ‘ती’च्याकडे तर येतातच. वेगळी खोली, नाहीतर गावातच भाड्याची छोटी जागा, ही चैन नव्हे. नाइल्सच्या विमा कर्मचाऱ्यांची घराजवळची कचेरी आठवावी.

एक प्रश्न मात्र कोणत्याही सोयीने सुटत नाही, आणि दूरवरच्या सल्ल्याचे कौतुक करणारे त्याबद्दल बोलत नाहीत. आज गावी बसून सल्ला देणारी माणसे ज्या कचेऱ्यांत, कारखान्यांत, बागांत शिकली, तिथे त्यांना शिकवणारे वडीलधारे शेजारी बसलेले होते. चूक झाली की मान वळवून विचारता येत होते. ते जाणते आता आपापल्या गावी गेले, तर नव्याने लागलेल्या मुलामुलींनी मान कोणाकडे वळवावी? पडद्यावरच्या बैठकीत प्रश्न विचारता येतो, पण तो प्रश्न आहे हे आधी कळावे लागते. देठ हातात घेऊन मोडून पाहणे, पान उजेडाकडे धरणे, बागायतदार काय सांगत नाही ते ऐकणे, हे शेजारी उभे राहूनच शिकता येते.

द्राक्षपट्ट्यात यावर एक साधा उपाय चालू शकतो, आणि तो इतर क्षेत्रांनाही बसेल. फळछाटणीनंतरचे पहिले पन्नासएक दिवस धोक्याचे. त्या काळात सल्लागाराने स्वतः बागा फिरायच्या आणि सोबत कृषी पदवीधर दोन मुले न्यायची. मुलांनी नोंदी करायच्या, पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, गाडीत बसल्यावर आपले निदान आधी सांगायचे आणि मग साहेबांचे ऐकायचे. माल तयार होऊ लागला की बरेचसे काम फोनवर येते. तेव्हा सल्लागार नाशकात असो की मुलीकडे टोरांटोला, बागेत त्याची दोन माणसे असतात, आणि ‘पान उलटून पाठवा’ असे त्यांना सांगावे लागत नाही.